नागपूर : कला व सांस्कृतिक संस्था

विदर्भाचे मुख्य शहर असलेल्या नागपूरच्या सांस्कृतिक जीवनाची तीन केंद्रे कालक्रमाने सांगता येतात : भोसले राजवटीतील महाल, ब्रिटिश अमदानीतील सीताबर्डी आणि विसाव्या शतकात शहराच्या पश्चिमेस वाढलेली धरमपेठ व तिच्या लगतच्या वसाहती. पहिले केंद्र दरबाराच्या आश्रयावर उभे होते. दुसरे महाविद्यालये, वृत्तपत्रे व सभा-संस्था यांच्या आधाराने वाढले. तिसऱ्याचा आधार प्राध्यापक, वकील, शासकीय नोकर अशा नियमित उत्पन्नाच्या मध्यमवर्गाचा होता. या शहराचे राजधानीपद दोन वेळा गेले, प्रथम १८५४ मध्ये व पुन्हा १९५६ मध्ये. दोन्ही वेळी कलांचा एक आश्रय नाहीसा झाला आणि त्याची जागा नागरिकांनी स्वतः उभारलेल्या संस्थांना घ्यावी लागली. कोणत्या कला येथे रुजल्या, कोणते कलावंत येथेच राहिले व कोणाला शहर सोडावे लागले, याचा उलगडा या इतिहासातून बऱ्याच अंशी होतो.

भोसलेकाल : देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याने १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या काठची खेडी एकत्र करून नागपूर वसविले, असे परंपरेने मानले जाते. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानी देवगडहून येथे आणली, शहराभोवती तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. आज तो शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर या नावाने ओळखला जातो. अठराव्या शतकाच्या मध्यास सत्ता पहिल्या रघूजी भोसल्यांच्या हाती आली आणि नागपूर हे मराठी राज्यमंडळातील एका प्रबळ घराण्याचे ठाणे बनले. राजवाडा, सरदारांचे वाडे व मंदिरे यांमुळे महालाचा परिसर आकारास आला. कोरीव लाकडी खांब, सज्जे व भित्तिचित्रे यांनी हे वाडे नटले होते. सचित्र पोथ्याही तयार होत. गायक, वादक, कीर्तनकार, चितारी व कोष्टी यांचा चरितार्थ बव्हंशी दरबारावर व त्याच्या भोवतीच्या मानकऱ्यांवर चाले.

सीताबर्डीच्या लढाईनंतर (नोव्हेंबर १८१७) दरबाराचे सामर्थ्य गेले, तरी आश्रय काही प्रमाणात टिकून होता. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. त्यानंतर लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. राजघराण्याचे जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलावात विकण्यात आले. हत्ती, घोडे, बैल यांचीही विक्री झाली. या घटनेचा उल्लेख सामान्यतः राजकीय अन्यायाचे उदाहरण म्हणून केला जातो. कलेच्या इतिहासातही तिला तेवढेच महत्त्व आहे. ज्या तिजोरीतून कलावंतांची वेतने व बिदाग्या निघत, ती तिजोरीच नाहीशी झाली. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील संस्थाने १९४७ नंतरही काही काळ टिकली आणि तेथील गायकीची घराणी दरबारी आश्रयाने पुढे चालत राहिली. नागपूरला ती संधी जवळजवळ एक शतक आधीच नाकारली गेली. या शहराच्या नावाचे संगीतघराणे का निर्माण झाले नाही, याचे एक कारण येथे शोधता येईल.

लोकाश्रयी परंपरा : दरबार गेला, तरी त्याच्या भोवती वाढलेल्या काही लोकप्रथा टिकल्या, कारण त्यांचे पालकत्व वस्त्यांनी व जातिसमूहांनी घेतले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा तान्हा पोळा हा लाकडी बैलांचा मुलांचा सण होय. त्याच दिवशी शहराच्या पूर्व भागातून काळ्या व पिवळ्या मारबतींच्या मिरवणुका निघतात. मारबत म्हणजे कागद, बांबू इ. साहित्यातून घडविलेली राक्षसीची भव्य प्रतिमा. रोगराई व इडापिडा घेऊन जाण्याचे आवाहन तिला केले जाते व शेवटी तिचे दहन होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही प्रथा अखंड चालू आहे. मारबतींसोबत निघणाऱ्या बडग्यांतून त्या त्या वर्षीच्या राजकीय व सामाजिक दोषांवर टीका केली जाते. त्यामुळे या मिरवणुकीस वार्षिक व्यंगचित्रासारखे स्वरूप आले आहे. पितृपक्षात बसविला जाणारा हडपक्या किंवा मस्कऱ्या गणपती ही भोसल्यांच्या काळापासूनची आणखी एक परंपरा. त्या निमित्ताने लावणी, खडी गंमत, नकला असे रंजनाचे कार्यक्रम होत. खडी गंमत व दंडार हे विदर्भातील लोकनाट्याचे प्रमुख प्रकार असून नागपूर हे त्यांच्या कलावंतांचे एक भेटीचे ठिकाण होते. पुढे पश्चिम भागात जे संस्थात्मक सांस्कृतिक जीवन उभे राहिले, त्यात या कलांना मात्र फारसे स्थान मिळाले नाही.

प्रांतिक राजधानी व सीताबर्डी : १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. १८६३ मध्ये येथे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोकांनी त्यास ‘अजब बंगला’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. शिल्पे, शिलालेख, नाणी, शस्त्रे, गोंडादी आदिवासींच्या जीवनातील वस्तू आणि प्राणिसृष्टीचे नमुने यांचा हा संग्रह देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक होय. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमविलेली गोंडांविषयीची माहिती व लिंगोचे आख्यान त्यांच्या मृत्यूनंतर सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. या प्रदेशातील मौखिक वाङ्मयाच्या संकलनाचा तो आरंभ होता.

१८६७ मध्ये मुंबईहून लोहमार्ग येथवर पोहोचला आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हिस्लॉप महाविद्यालय (१८८३), मॉरिस महाविद्यालय (१८८५) व अखेरीस नागपूर विद्यापीठ (१९२३) यांच्या स्थापनेने शहरात शिक्षितांचा एक मोठा वर्ग तयार झाला. महाविद्यालये, न्यायालये, छापखाने व पुस्तकांची दुकाने सीताबर्डी व तिच्या आसपास एकवटली. १९०७ मध्ये अच्युतराव कोल्हटकरांचे देशसेवक, १९११ मध्ये द हितवाद हे इंग्रजी पत्र आणि १९१४ मध्ये गोपाळराव ओगले यांचे महाराष्ट्र अशी वृत्तपत्रे निघाली. त्यांनी राजकारणाबरोबर वाङ्मयचर्चेलाही स्थान दिले.

याच काळात शहराच्या दुसऱ्या बाजूस एक वेगळा वाचकवर्ग घडत होता. किसन फागू बनसोडे (१८७९–१९४६) यांनी पाचपावली भागात मुलींची शाळा काढली. निराश्रित हिंद नागरिक, विटाळ विध्वंसक, मजूर पत्रिका व चोखामेळा ही पत्रे त्यांनी एकामागून एक चालविली. तुटपुंज्या साधनांमुळे यांपैकी कोणतेही पत्र दीर्घकाळ चालले नाही. तथापि पुढील दलित साहित्याची पूर्वतयारी म्हणून त्यांचे महत्त्व मोठे आहे.

धरमपेठ : सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेस अंबाझरी तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दोहो बाजूंस धरमपेठ वसली आहे. गोकुळपेठ, शंकरनगर, रामनगर, टिळकनगर या वसाहती तिच्या लगत आहेत. १९३६ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने शहराच्या नियोजित विस्ताराचे काम हाती घेतले. विद्यापीठाचा परिसर, विधी महाविद्यालय, लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था (१९४२) आणि पुढे विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) ही सर्व या वसाहतींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. स्त्रीशिक्षणासाठी १९३२ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय, आजचे लेडी अमृताबाई डागा महिला महाविद्यालय, शंकरनगर भागात आहे. धरमपेठ शिक्षण संस्थेच्या शाळा व महाविद्यालये यांनी या वस्तीला स्वतःचा असा शैक्षणिक आधार दिला. शंकरनगर चौकात राष्ट्रभाषा प्रचार समितीचे भवन व त्यातील बाबूराव धनवटे सभागृह आहे. व्याख्याने, पुस्तकप्रकाशने, गायनाच्या बैठकी व प्रायोगिक नाटके यांसाठी या सभागृहाचा वापर होत आला.

या भागास एकही राजवाडा, मोठे देवस्थान वा बाजारपेठेचे जुने वैभव नाही. येथील सांस्कृतिक जीवन घराच्या दिवाणखान्यात, शाळेच्या सभागृहात, महाविद्यालयाच्या वाङ्मयमंडळात आणि कॉफी हाउसच्या टेबलाभोवती घडले. कॉफी हाउसच्या नावाने तेथील चौकच ओळखला जाऊ लागला. अशा जीवनाचे बळ व मर्यादा एकाच कारणातून उद्‌भवतात : त्याला वर्गणी व वेळ देणारे लोक मिळाले, पण कलावंताचा संसार चालविण्याइतका पैसा त्यात कधी आला नाही.

साहित्य : विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी, मकरसंक्रांतीस, अमरावती येथे झाली. पुढे संघाचे मुख्य कार्यालय नागपुरात आले. युगवाणी हे त्याचे मुखपत्र. शाखांचे जाळे, संमेलने, पुरस्कार व ग्रंथप्रकाशन यांद्वारे संघाने विदर्भातील लेखकांना एकत्र आणले. १९३३ मध्ये कृ. प्र. खाडिलकर यांच्या अध्यक्षतेखाली आणि २००७ मध्ये अरुण साधू यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन नागपुरात भरले. संघाच्या शताब्दी वर्षात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, ९६ वे संमेलन वर्धा येथे झाले.

ग. त्र्यं. माडखोलकर (१९००–७६) हे १९२४ मध्ये महाराष्ट्र पत्रात काम करण्यासाठी नागपूरला आले व येथलेच झाले. १९४४ पासून ते तरुण भारत या दैनिकाचे संपादक होते. १९४६ च्या बेळगाव संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला. कवी अनिल (आ. रा. देशपांडे, १९०१–८२) व कुसुमावती देशपांडे (१९०४–६१) हे दांपत्य दीर्घकाळ नागपुरात होते. अनिल न्यायखात्यात व पुढे प्रशासनात होते. कुसुमावती मॉरिस महाविद्यालयात इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. मुक्तच्छंद व दशपदी हे अनिलांचे मराठी काव्याला दिलेले विशेष होत. कुसुमावतींचा पासंग हा समीक्षाग्रंथ (१९५४) मराठी समीक्षेतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि हे पद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. संशोधनाच्या क्षेत्रात पुराभिलेखज्ञ वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) व महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक वि. भि. कोलते (१९०८–९८) यांनी नागपूरला अखिल भारतीय ख्याती मिळवून दिली. कोलते विद्यापीठाचे कुलगुरूही होते.

शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–८४) हे मराठीचे कवी, कादंबरीकार व समीक्षक. तर त्यांचे वडील बंधू गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–६४) आधुनिक हिंदी कवितेतील अग्रगण्य नाव. एका मराठी घरातील दोन भाऊ दोन भाषांत लिहितात आणि दोघेही या शहरात काही वर्षे उपजीविका करतात, हे नागपूरच्या द्वैभाषिक स्वरूपाचे उत्तम उदाहरण होय. पहिले विश्व हिंदी संमेलन १९७५ मध्ये नागपुरातच भरले.

पुढील पिढीत ग्रेस (माणिक गोडघाटे, १९३७–२०१२) यांनी मराठीच्या अध्यापनात आयुष्य घालविले. संध्याकाळच्या कविता हा त्यांचा पहिला संग्रह १९६७ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. वाऱ्याने हलते रान या ललितबंधसंग्रहास साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला (२०११). नाटककार महेश एलकुंचवार (१९३९– ) यांनी धरमपेठेतील महाविद्यालयांत इंग्रजीचे अध्यापन केले. वक्ते व समीक्षक राम शेवाळकर (१९३१–२००९) उत्तरायुष्यात नागपुरात स्थायिक झाले. १९९४ च्या पणजी संमेलनाचे ते अध्यक्ष होते. गझलकार सुरेश भट (१९३२–२००३) मूळ अमरावतीचे. त्यांच्या अखेरच्या वर्षांचे वास्तव्य नागपुरात होते. या नामावलीत भट यांच्यासारखे अपवाद वगळता बहुतेकांचा निर्वाह अध्यापन, पत्रकारिता वा शासकीय सेवा यांवर झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आकाशवाणी : आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. दरबारानंतर कलावंतांना नियमित मानधन देणारी ही शहरातील पहिली मोठी संस्था म्हणता येईल. शास्त्रीय गायक-वादक, नभोनाट्यांचे लेखक व नट, कीर्तनकार आणि लोककलावंत यांना या केंद्राने काम दिले. गजानन माधव मुक्तिबोध व पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी येथे नोकरी केली. ध्वनिक्षेपणाच्या निमित्ताने वऱ्हाडी बोली व झाडीपट्टीतील गाणी प्रथमच घरोघरच्या शहरी श्रोत्यांपर्यंत पोहोचली.

संगीत : शंकरराव सप्रे यांच्या संगीतविद्यालयात नागपूरच्या दोन पिढ्यांनी संगीताचे प्राथमिक पाठ घेतले. वसंतराव देशपांडे (१९२०–८३) व चित्रपटसंगीतकार सी. रामचंद्र (१९१८–८२) हे दोघे त्यांचे विद्यार्थी. वसंतरावांचा जन्म मूर्तिजापूरचा, बालपण नागपूरचे. पुढे अनेक घराण्यांच्या गुरूंकडून त्यांनी विद्या घेतली. पुण्यास लष्करी हिशेब खात्यात त्यांनी दीर्घकाळ कारकुनी केली आणि वयाच्या चाळिशीनंतर पूर्णवेळ गायक म्हणून ते प्रसिद्धीस आले. त्यांच्या कीर्तीचे क्षेत्र पुणे-मुंबई हेच राहिले. सी. रामचंद्रांनी मुंबईची चित्रपटसृष्टी गाठली. नागपूरने या दोघांना स्वर दिला. परंतु त्या स्वरावर जगण्याची सोय येथे नव्हती. शहरातील संगीतविद्यालयांनी व संगीतसभांनी रसिक मात्र मोठ्या संख्येने तयार केले. बाहेरचा गायक येथे आदराने ऐकला जातो, हा लौकिक त्यातूनच निर्माण झाला.

नाट्य : पुरुषोत्तम दारव्हेकर (१९२६–९९) यांनी स्वातंत्र्योत्तर काळात रंजन कला मंदिर ही हौशी नाट्यसंस्था नागपुरात उभी केली. मुळात शिक्षक असल्याने त्यांना ‘मास्तर’ हीच उपाधी चिकटली. बालनाट्ये, एकांकिका व राज्य नाट्यस्पर्धेतील प्रयोग यांतून या संस्थेने नट, दिग्दर्शक व तंत्रज्ञ यांची एक पिढी घडविली. पुढे दारव्हेकर मुंबईस गेले. त्यांचे कट्यार काळजात घुसली हे नाटक नाट्यसंपदा या संस्थेने डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आणले. त्यातील खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी अजरामर केली. दरबारी गायकपदासाठी दोन घराण्यांत चाललेला झगडा हा त्या नाटकाचा विषय. नाटककार नागपूरचा, प्रमुख गायकनट नागपुरात वाढलेला आणि नाटक मुंबईचे, असा हा योग आहे. ज्या शहरातून दरबारी आश्रय शतकापूर्वी नाहीसा झाला, त्याच शहराच्या लेखकाने त्या आश्रयाचे नाटक लिहिले, हेही लक्षणीय होय.

एलकुंचवारांची वाट वेगळी होती. त्यांची सुलतान ही एकांकिका सत्यकथेत प्रसिद्ध झाली (१९६७) व विजया मेहता यांच्या रंगायनने त्यांच्या एकांकिका मुंबईत सादर केल्या. पार्टी, वाडा चिरेबंदी (१९८५), मग्न तळ्याकाठी व युगान्त या नाटकांनी त्यांना भारतीय नाटककारांच्या पहिल्या रांगेत स्थान दिले. युगान्तला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला (२००२). वाडा चिरेबंदीमधील देशपांडे कुटुंबाची भाषा व ढासळणारा वाडा विदर्भातील आहेत; नाटककार धरमपेठेत शिकवीत होता; नाटकाचा पहिला प्रयोग मात्र मुंबईत झाला. लेखक शहर न सोडता लिहू शकला, कारण त्याला लागणारी साधने म्हणजे वेतन, ग्रंथालय व टपाल येथे होती. नाटकाला लागणारी व्यावसायिक निर्मितिसंस्था येथे नव्हती.

चित्रकला : १९३९ ते १९४३ या काळात सैयद हैदर रझा (१९२२–२०१६) यांनी नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले. मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात जन्मलेल्या या तरुणासाठी प्रांताची राजधानी हेच कलाशिक्षणाचे स्वाभाविक ठिकाण होते. नंतर ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत व १९५० मध्ये पॅरिसला गेले. याच्या उलट भाऊ समर्थ (१९२८–९१) नागपुरातच राहिले. चित्रे, रेखाटने व कलाविषयक लेखन यांद्वारे त्यांनी शहरातील चित्रकार व लेखक यांच्यात दुवा सांधला. परंतु त्यांच्या कामाला योग्यतेच्या मानाने प्रसिद्धी लाभली नाही. चित्रे विकत घेणारा वर्ग व कायम स्वरूपाची कलादालने यांचा अभाव हे त्याचे प्रमुख कारण होय. शासकीय चित्रकला महाविद्यालय हे आज कलाशिक्षणाचे मुख्य केंद्र आहे.

राजधानीपदाचा लोप व दीक्षाभूमी : १९५६ हे वर्ष नागपूरच्या इतिहासात दोन कारणांनी निर्णायक ठरले. १४ ऑक्टोबर रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. १ नोव्हेंबर रोजी राज्यपुनर्रचनेनुसार विदर्भ मुंबई राज्यात गेला व मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला हलली. अठरा दिवसांच्या अंतराने शहराने एक स्थान गमावले व एक मिळविले. १९५३ च्या नागपूर करारातील तरतुदीनुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे होते आणि त्यामुळे उपराजधानी हा दर्जा रूढ झाला. पण वर्षातील काही आठवड्यांचे अधिवेशन कलांना आश्रय देऊ शकत नाही.

दीक्षाभूमीचे सांस्कृतिक फलित अधिक टिकाऊ ठरले. धरमपेठेच्या दक्षिणेस असलेल्या या भूमीवर उभारलेल्या स्तूपाचे उद्‌घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी येथे येणारा जनसमुदाय मोठ्या प्रमाणावर पुस्तके विकत घेतो. त्या दिवसांत मांडली जाणारी पुस्तकांची दुकाने हे मराठीतील ग्रंथविक्रीचे एक मोठे केंद्र बनले आहे. वामन निंबाळकर यांचा गावकुसाबाहेरील कविता (१९७३) व यशवंत मनोहर यांचा उत्थानगुंफा (१९७७) हे काव्यसंग्रह नागपूरच्या या जागृतीशी निगडित आहेत. अस्मितादर्श या नियतकालिकाचे संपादक गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) यांचा जन्मही नागपूरचा. या प्रवाहाला आश्रयदाता लागला नाही; वाचकानेच तो पोसला. या दृष्टीने बनसोडे यांच्या अल्पायुषी पत्रांनी आरंभिलेले कार्य येथे पूर्णत्वास गेले, असे म्हणता येईल.

सभागृहे व अलीकडील संस्था : झाशी राणी चौकातील धनवटे रंगमंदिर ही विदर्भ साहित्य संघाची वास्तू शहराच्या नाट्यजीवनाचा आधार होती. व्यावसायिक नाटकांचे दौरे, स्पर्धा, संमेलने व सत्कार या सर्वांना ती पुरी पडे. पुढे ती पाडण्यात आली व तिच्या जागी संघाचे सांस्कृतिक संकुल उभे राहिले. जुन्या रंगमंदिराच्या स्मृती मात्र नागपूरकर रसिकांच्या बोलण्यात टिकून आहेत. केंद्र शासनाने १९८६ मध्ये स्थापन केलेल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय नागपूरला आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगण या राज्यांतील लोककला व हस्तकला यांचे महोत्सव ते भरविते. सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह व त्यांच्या स्मरणार्थ होणारा संगीत समारोह हे शहराने आपल्या गायकाचे केलेले उशिराचे स्वागत होय. रेशीमबाग येथे महानगरपालिकेने बांधलेले कविवर्य सुरेश भट सभागृह सप्टेंबर २०१७ मध्ये खुले झाले. २०१९ मध्ये प्रेमानंद गज्वी यांच्या अध्यक्षतेखाली ९९ वे नाट्यसंमेलन नागपुरात भरले. कालिदासाशी संबंध जोडला जाणाऱ्या रामटेक येथे १९९७ मध्ये संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले असून त्याचा लाभ नागपूरच्या विद्याजीवनास होतो.

समालोचन : २०११ च्या जनगणनेनुसार नागपूरची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. एवढ्या विस्ताराच्या शहरात आज सभागृहांची उणीव राहिलेली नाही. प्रश्न आहे तो कलावंताच्या निर्वाहाचा. वरील इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते : लेखक, समीक्षक व संशोधक यांना शहराने टिकवून धरले, कारण महाविद्यालये, वृत्तपत्रे व आकाशवाणी यांचे वेतन त्यांना लाभले. गायक, नट व चित्रकार यांपैकी अनेकांना बाहेर जावे लागले, कारण त्यांच्या कलेला मोबदला देणारा दरबार गेला होता आणि त्याची जागा घेणारा व्यवसाय उभा राहिला नव्हता. धरमपेठेच्या सांस्कृतिक जीवनाचा पाया म्हणजे महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकाचे पद होय. ज्या प्रमाणात अशी पदे कमी होतील, त्या प्रमाणात लिहिणाऱ्यांनाही गाणाऱ्यांची वाट धरावी लागेल. मारबत व दीक्षाभूमी येथील परंपरा या संकटापासून तुलनेने सुरक्षित आहेत. त्यांचा खर्च सामान्य लोक आपल्या खिशातून उचलतात व त्यांचा प्रेक्षक दरवर्षी स्वतःहून येतो. महाल व सीताबर्डी यांचा काळ सरला. पूर्व नागपुरातील वस्त्यांनी मात्र दोन्ही राजधान्या गेलेल्या पाहिल्या आणि आपली मिरवणूक चालूच ठेवली. शहरातील संस्था व या वस्त्या यांच्यातील अंतर किती कमी होते, यावर नागपूरच्या सांस्कृतिक जीवनाची पुढील वाटचाल बऱ्याच अंशी अवलंबून राहील.